दहापैकी दहा गुणांचं ताट

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून विचारलं, "सिस्टर, ते वजन कमी करायच्या ऑनलाइन कार्यक्रमाबद्दल काही लिहाल का?" मी विचारलं, लेख कोणत्या पानावर येईल? ते म्हणाले, अनारशांच्या पाककृतीनंतर. मी लगेच होकार दिला. माझ्या सल्ल्याची जागा आयुष्यभर तीच राहिली आहे.

चौतीस वर्षं मी आरोग्य खात्यात नर्स होते, सगळी नोकरी वाशिम जिल्ह्यातच. लस टोचली, बाळंतपणं केली, लोहाच्या गोळ्या वाटल्या आणि त्या गोळ्या कोणत्या घरी उकिरड्यावर जातात हेही पाठ केलं. निवृत्त झाल्यावर वाचनालयाची दोन कपाटं वाचून काढली. तिसऱ्या कपाटाशी गेले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "सिस्टर, यातली बरीच तुम्ही नोकरीत असतानाच नेली होती." त्याच सुमारास जुन्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी सुचवलं की पुण्याच्या एका कंपनीला ग्रामीण भागासाठी 'कोच' हवे आहेत. घरी बसून फोनवर काम.

माझी मुलाखत साहिल नावाच्या मुलाने घेतली. मुलगा म्हणते, कारण तो माझ्या धाकट्यापेक्षा लहान आहे, पण कंपनी त्याची आहे. त्याला सर म्हटलेलं चालत नाही, आणि मला नुसतं 'साहिल' म्हणवत नाही, म्हणून आजवर मी त्याला काहीच म्हणत नाही. तो प्रत्येक गोष्टीला प्रवास म्हणतो. वजन कमी करणं हा प्रवास, भात सोडणं हा प्रवास. चौतीस वर्षं एस.टी.ने फिरलेल्या बाईला प्रवास म्हणजे काय हे मी त्याला समजावायला गेले नाही. त्याने विचारलं, "तुमची सर्वांत मोठी ताकद कोणती?" मी म्हटलं, "मला लोक घरात घेतात." तो म्हणाला, "पण हे तर ऑनलाइन आहे." मी म्हटलं, "हो, तेवढी एक अडचण आहे." तो खूप हसला आणि मला नोकरी मिळाली.

आता हे काम काय आहे ते सांगते. मधुमेह एका रात्रीत येत नाही. आधी काही वर्षं तो उंबरठ्यावर उभा राहतो. रक्ताची एक तपासणी असते, तीत मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी हिशेब कळतो. आदल्या दिवशी उपास करून या तपासणीला फसवता येत नाही, म्हणून ती मला आवडते. आकडा पाच पूर्णांक सातच्या खाली असला तर ठीक. साडेसहा किंवा वर गेला तर मधुमेह. मधली माणसं उंबरठ्यावरची, आणि ती आमची. खाणं, चालणं, झोप सुधारली आणि थोडं वजन उतरलं, तर यातल्या पुष्कळांचा पाय मागे घेता येतो. यात जादू नाही. माझी आजी हेच सांगायची, फक्त तिच्याकडे ॲप नव्हतं.

एका तुकडीत तीस माणसं. दर सोमवारी वजन करायचं, काटा कंपनी देते. दोन्ही वेळच्या ताटाचा फोटो जेवायच्या आधी पाठवायचा. अर्धं ताट भाजी आणि कच्चं काही, पाव ताट वरण किंवा उसळ, उरलेल्या पाव ताटात भाकर. फोटो पाहून ॲप दहापैकी गुण देतं. फोनमध्येच पावलंही मोजली जातात आणि माणूस फार वेळ बसला की फोन गुरगुरतो: उठा, चाला. आठवड्यातून एकदा मी व्हिडिओवर वर्ग घेते. वर्गात मला साधारणपणे दहा चेहरे, बारा छतं आणि आठ पंखे दिसतात.

माणसं नाना प्रकारची भेटली. इंझोरीचे एक शेतकरी एकदम दिवसाला अठरा हजार पावलं चालू लागले. साहिलने त्यांचं नाव सर्व तुकड्यांना वाचून दाखवलं. मी फोन केला तर मागे घरघर ऐकू येत होती. म्हटलं, "भाऊ, कुठं हाय तुमी?" म्हणाले, "ट्रॅक्टरवर. वखरून राह्यलो ना सिस्टर." ढेकळांवरून ट्रॅक्टर जाई आणि खिशातला फोन पावलं मोजत बसे. किन्हीराजाचे एक निवृत्त मुख्याध्यापक जेवणाची वही लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. तीत आठवड्यातून चारदा 'प्रसाद' असे. मी विचारलं, प्रसाद म्हणजे नेमकं काय? उत्तर आलं, "जिलबी. परंतु ती प्रसाद म्हणून ग्रहण केली असल्याने भात वर्ज्य केला नाही." अशा माणसांचा मला राग येत नाही. ती फसवतात, पण फसवलेलं लपवत नाहीत.

मी स्वतः फसले ते चंद्रकलाच्या ताटाने. ते ताट मात्र अगदी खरं होतं.

चंद्रकला मेडशीची, बेचाळीस वर्षांची. गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे बाहेरच्यांची कोथिंबीर. घरी नवरा गजाननराव, सासू कौसाबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गावातल्या तपासणी शिबिरात चंद्रकलाची साखर सहा पूर्णांक दोन निघाली आणि तिचं नाव माझ्या तुकडीत आलं.

पहिल्याच फोनवर मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, हे सगळं कायच्यासाठी करायचं हाय तुले?" कंपनीच्या भाषेत याला 'तुमचं का' म्हणतात. लोक बहुधा सांगतात, गुडघे दुखतात, नाहीतर लग्नात फोटो चांगले यायला पाहिजेत. चंद्रकला म्हणाली,

"माह्या मायले शुगर होती सिस्टर. पायाले काटा रुतला, थो पिकला. अकोल्याले पाय कापला. त्याच्या आठ दिवस आधी तिनं नवी चप्पल घेतली होती. एक चप्पल अजून घरी तशीच हाय, नवीकोरी. मले तसं नाही पडायचं."

मी वहीत 'कौटुंबिक इतिहास: आई' एवढं लिहिलं. बाकीचं लिहायला त्या तक्त्यात जागा नव्हती.

आणि मग फोटो येऊ लागले. काय सांगू, तीस ताटांत असं ताट नव्हतं. पातळ दीड भाकर, वाफा निघत असलेली. घट्ट वरणाची वाटी. मेथीची भाजी, तेल बेताचं. काकडीच्या गोल चकत्या, मुळ्याचे तुकडे, वर लिंबाची फोड. रोज ताजं, रोज वेगळं, भाजीवाल्याच्या घरचं. ॲप पहिल्या दिवशी आठ गुण देत होतं, पंधरवड्यात दहापैकी दहा देऊ लागलं. ॲप दहा कोणाला देत नाही. मी माझ्या स्वतःच्या जेवणाचा फोटो टाकला होता, तेव्हा त्याने मला सात दिले होते.

त्या फोटोंत ताटाच्या कडेला नेहमी एक जाड अंगठा यायचा. मी तो अंगठा तीन महिने पाहिला. मला वाटलं, नवरा ताट धरत असेल आणि ही फोटो काढत असेल. म्हटलं, किती गुणी जोडपं आहे.

साहिलने ते ताट सर्व कोचांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवलं. खाली इंग्रजीत 'महिन्याचं सर्वोत्तम ताट' असं काहीतरी लिहिलेलं होतं आणि बाजूला फुलं उडत होती. तो म्हणाला, "ही आहे खऱ्या परिवर्तनाची थाळी." मी फुलांकडे पाहत होते, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझी तुकडी, माझं मेडशी.

वजन मात्र हलत नव्हतं. दर सोमवारी एकाहत्तर. मग साडेएकाहत्तर. मग बहात्तर. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की असं होतं, शरीर अडून बसतं, सहभागी व्यक्तीला धीर द्या. मी धीर दिला. चंद्रकला म्हणायची, "हाव सिस्टर." आणखी एक तक्रार होती. ॲपच्या मते तिची पावलं कमी पडत होती. मळ्यात राबणाऱ्या बाईला मी दर आठवड्याला सांगत होते, जरा चालत जा. ती म्हणायची, "हाव सिस्टर." हा 'हाव', म्हणजे हो, मी चौतीस वर्षं ऐकला आहे. 'तुमचं म्हणणं समजलं, पण तुम्हाला काहीच समजलेलं नाही,' असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्ष समोर असते तर मला तो चेहऱ्यावर दिसला असता.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. सहा पूर्णांक चार. कमी व्हायची ती वाढली होती. आणखी एक घर पुढे गेली की गोळी, आणि चंद्रकलाच्या मनात गोळीच्या पुढे तिच्या आईची ती एक चप्पल होती.

संगणकाला मन नसल्यामुळे त्याला फक्त विसंगती दिसली. ताट दहापैकी दहा, वजन वर, साखर वर. त्याने तिच्या नावापुढे लाल खूण केली: नोंदी विश्वासार्ह नाहीत. नियम असा की पंधरा दिवसांत खुलासा झाला नाही तर जागा दुसऱ्याला द्यायची. बाहेर रांग असतेच.

मग मी जे केलं ते लिहायला हात जड होतो, पण अनारशांनंतरच्या पानावर का होईना, लिहिते. मी तिला फोन लावला आणि म्हटलं, "चंद्रकला, खरं सांग. फोटो काढल्यावर चोरून काय खाऊन राह्यली तू?"

ती म्हणाली, "माह्याच घरात मी चोरी कायची करू सिस्टर?"

"मंग साखर वाढली कशी?"

"मले काय माहीत? तुमी शिकेल हाय. ठेवतो." वऱ्हाडात बायकाही 'ठेवतो'च म्हणतात.

पुढचे चार दिवस ताटाचा फोटो आला नाही. पाचव्या दिवशी मी अकोल्याकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले. कंपनीत कोणाच्या घरी जायला मनाई आहे. साहिलचं म्हणणं, एकदा कोच घरी जाऊ लागला की हा कार्यक्रम देशभर नेता येणार नाही. त्याचं बरोबर आहे. पण मला देशभर जायचं नव्हतं, मेडशीला जायचं होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर कौसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "थ्या लसीवाल्या सिस्टर ना तुमी? माह्या गजूले शाळेत तुमीच टोचलं होतं. लय रडला होता." आता पस्तिशीपुढे गेलेल्या माणसांना लहानपणी टोचलेलं मला आठवत नाही, पण हो म्हटलं. चंद्रकला चुलीशी होती. तिने मान वर केली, पदर सारखा केला, "या" म्हणाली आणि पुन्हा भाकर थापू लागली. राग होताच. मी दाराशी पाट ओढून बसले. स्वयंपाकघरात आलं की कोणी जा म्हणत नाही, ही माझी जुनी विद्या.

इतक्यात गजाननराव मोटारसायकलवरून आले. फोन त्यांच्या खिशात. घरात चालता फोन तो एकच, मालेगावच्या भाजी मार्केटच्या कामासाठी दिवसभर त्यांच्याकडे, जेवणापुरता घरी. हात धुऊन ते बसले. चंद्रकलाने ताट वाढलं. पातळ दीड भाकर, वरण, भाजी, काकडीच्या चकत्या, वर लिंबाची फोड. गजाननरावांनी एका हाताने ताटाची कड धरली, खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. तिने उभ्यानेच फोटो काढला. चार दिवसांच्या रागातही हात सवयीने चालला.

मग ताट त्यांच्यासमोरच राहिलं आणि गजाननराव जेवू लागले.

मी त्या जाड अंगठ्याकडे पाहतच राहिले.

"चंद्रकला," मी म्हटलं, "हे ताट कोनाचं?"

"यायचं." तिने नवऱ्याकडे मान हलवली.

"मंग तुह्यं?"

"माह्यं ताट कुठं असते सिस्टर?" ती अशी बोलली, जणू मी विचारलं होतं की तुझी मोटार कुठे आहे. "तुमी सांगतलं, जेवनाच्या टायमाले ताटाचा फोटो टाकत जा. फोन यायच्याजवळ. थे घरी येतेत तवा ताट यायचंच राह्यते. मले वाटलं, घरात कसं रांधते थे पाहून राह्यले तुमी. म्हनून त मी काकडी गिकडी कापून बरोब्बर वाढत होतो."

मी तिथेच बसून राहिले. गजाननरावांचं झालं. मग कौसाबाई जेवल्या. मग मुलं आली, अर्धवट जेवून पळाली. शेवटी चंद्रकला चुलीपुढे बसली, भाकरीची टोपली मांडीशी ओढून. ताट नाहीच. सकाळची थंड झालेली जाड भाकर मोडली, कढईच्या तळाशी राहिलेली भाजी, जिच्यात सगळं तेल उतरलेलं असतं, तिला लावून खाल्ली. मुलांनी टाकलेला भात कालवून खाल्ला. एका मुलाने अर्धा सोडलेला शिरा खाल्ला. गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, वरण आटलं होतं, त्यात पाणी घालून प्याली. काकडी संपली होती. हे सगळं दुपारी तीन वाजता. पहाटे चारला उठून जुड्या बांधल्यापासून तोपर्यंत पोटात काय गेलं होतं, तर चारदा चहा आणि त्यात बुडवून बिस्किटं.

"हे असं कायले खातं बाई?"

"मंग फेकू? अन्न हाय सिस्टर." आणि मग जरा हसून, "टोपली रिकामी झाली म्हंजे माह्यं जेवन झालं. मोजमाप नाही ठेवलं कधी."

इतका वेळ खाटेवर बसून ऐकणारे गजाननराव एकदम उठले. "थांबा. म्हंजे सिस्टर, थो पिरोगराम माह्यावर चालू होता काय?"

"चालूच हाय. किती उतरलं वजन?"

"सहा किलो!" ते शर्ट वर करून पट्टा दाखवू लागले. "दोन भोकं नवीन पाडले. मी म्हनो, हे काय होऊन राह्यलं? अन् हा फोन दिवसभर गुरगुरते, उठा चाला, उठा चाला. मले वाटलं कंपनीचीच काही भानगड असन, नाही चाललो त बंद पडन. म्हनून जेवन झालं की शाळेपर्यंत जाऊन येतो."

मेडशीच्या त्या स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा कळलं की आमचा कार्यक्रम किती उत्तम आहे. पावलं त्यांची, ताट त्यांचं, वजन त्यांचं उतरलेलं. काट्यावर तेवढी चंद्रकला उभी राहत होती आणि सुईतून रक्त तिचं निघत होतं.

कौसाबाई हसून हसून खोकल्या. चंद्रकलाही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "चुकी माही हाय. चोरी म्हनालो मी तुले." तिच्यासारखं बोलताना माझीही जीभ वळते. ती म्हणाली, "जाऊ द्या." पण डोळ्यांवरचा पदर लगेच काढला नाही.

आता उपाय काय? सगळ्यांच्या आधी जेव, असं सांगणं सोपं होतं. आमच्या प्रशिक्षणात तसं एक चित्रही आहे, त्यात एक हसरी बाई एकटीच टेबलाशी बसून कोशिंबीर खाते. मी म्हटलं, "सयपाक झाला की पह्यले तुह्यं ताट वाढून झाकून ठेव. मंग बाकीच्यायचं. जेव केव्हाही, पन तेवढंच."

"मायबाई, बाईमानूस आधी वाढून घेते काय?" कौसाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. सत्तर वर्षांत त्यांनी तसं पाहिलंच नव्हतं.

"आजी, हिच्या मायचा पाय गेला तवा तुमी होत्या ना?"

त्या बराच वेळ जुडी बांधत राहिल्या. सुतळीची गाठ मारली, दाताने तोडली. मग म्हणाल्या, "देवाचा निवद त आपन आधीच काढतो ना? कोनी तोंड लावाच्या आधी. त्याच्या मागूनच हिचं काढू. देवाच्या मागं हाय, म्हंजे आमच्या पुढं नाही झालं."

हा तोडगा पुण्याच्या कोणत्याही बैठकीत निघाला नसता. मलाही सुचला नसता.

"अन् उरलेलं?" चंद्रकलाने विचारलं.

"म्हशीले," मी म्हटलं.

"म्हशीले शुगर नाही होत काय?" गजाननराव म्हणाले. त्यांना आता या विषयाची गोडी लागली होती.

परतीच्या एस.टी.त मला मुळीच हसू येत नव्हतं. चौतीस वर्षं मी घरोघरच्या चुलींपाशी बसले. घरात शेवटी कोण जेवतं हे मला कोणी सांगायला नको होतं. लोहाच्या गोळ्या कोणाला आणि का द्याव्या लागतात, याची तर मी सरकारी पगारावर जन्मभर भाषणं दिली. आणि मालेगाव मागे पडल्यावर आणखी एक आठवलं. प्रशिक्षणात मी माझ्या जेवणाचा जो फोटो पाठवला होता, ज्याला सात गुण मिळाले, तो काढल्यावर मी ते ताट आमच्या यांच्यापुढे ठेवलं होतं. ते म्हणाले होते, "आज काकडी कशी काय?" मी नंतर काय खाल्लं ते आठवेना.

कंपनीला मी सगळं लिहून कळवलं, नियम मोडल्यासह. वाटलं, गेली नोकरी. पण साहिल उड्याच मारू लागला. त्याने याला एक इंग्रजी नाव दिलं, 'प्लेट ओनरशिप', आणि त्यावर तासभर भाषण केलं. भाषणात मेडशी होतं, परिवर्तन होतं, प्रवास तर होताच. कौसाबाईंचा निवद तेवढा नव्हता. मी मागितलं ते फक्त इतकंच, की चंद्रकलाची लाल खूण काढा, तिला आणखी तीन महिने द्या आणि फोटोखाली एक प्रश्न घाला: हे ताट कोणाचं? त्याने तिन्ही गोष्टी केल्या. हे त्याचं मोठेपण मी मान्य करते, सर न म्हणता. पुढच्या आठवड्यात माझ्या तुकडीतल्या कितीजणींनी 'माझं नाही' वर खूण केली ते सांगत नाही. पण त्या आठवड्यात मी पंख्यांकडे पाहणं सोडून प्रत्येकीला एकेक करून फोन केले.

पुढचे तीन महिने चंद्रकलाचे फोटो अनियमित आले. कधी फोन मालेगावला, कधी चार्जिंग नाही. वजन उतरू लागलं, पण बैलगाडीच्या वेगाने. एकदा बहिणीकडच्या लग्नात चार दिवस सगळं विस्कटलं. एकदा कौसाबाईच विसरल्या आणि निवद काढून थेट मुलाला वाढलं. चंद्रकलाने ते मला फोनवर तक्रार म्हणून सांगितलं. मला फार बरं वाटलं. आपलं ताट विसरलं गेलं याची तक्रार करणारी बाई मी क्वचितच पाहिली आहे.

बरोबर तीन महिन्यांनी तपासणीचा आकडा आला तो माझ्या फोनवर, सकाळी. पाच पूर्णांक नऊ. उंबरठा अजून सुटलेला नाही, पण पाय मागे आला होता. मी दुपारची वाट पाहिली, कारण फोन घरी जेवणाच्या वेळीच असतो.

गजाननरावांनी उचलला. "बोला सिस्टर! माह्यं सर्टिफिकेट कवा येते?"

"तुमचं नावच नाही कंपनीत. चंद्रकलाले द्या."

मी तिला आकडा सांगितला. तिने तो मला दोनदा म्हणायला लावला.

"म्हंजे गोळी नाही?"

"नाही. आता तरी नाही. हे असंच चालू ठेवायचं."

पलीकडून चुलीवर काहीतरी चरचरल्याचा आवाज आला, कौसाबाई काहीतरी म्हणाल्या. मी बोलतच राहिले. चालण्याबद्दल, झोपेबद्दल, पुढच्या तपासणीबद्दल. सल्ला द्यायला लागले की मला थांबता येत नाही, हा धंद्याचा रोग आहे. "अन् हे पाह्य चंद्रकला, आता थंडीत..."

"सिस्टर," ती मध्येच म्हणाली, "फोटो टाकून राह्यलो. भाकर गरम हाय. मी जेवतो आता. ठेवतो."

आणि तिने फोन ठेवला.

मिनिटाभराने फोटो आला. जरा वाकडा, उजेडाकडे पाठ करून काढलेला. काठाला पोचा आलेली लहान थाळी, एक भाकर, वरण, पालकाची भाजी, एक कांदा. काकडी नव्हती. कडेला अंगठा होता, बारीक, भेगांमध्ये मेथीचा हिरवा रंग बसलेला. भाकरीची वाफ काचेवर आल्यामुळे अर्धं ताट धूसर दिसत होतं.

ॲपने त्याला दहापैकी सहा दिले.